१९४८ ला गॅलप, क्रॉसली, रोपर तिघंही एकाच बाजूला कसे चुकले? (आणि कोल्हापुरात त्याचं प्रात्यक्षिक घ्यायचंय)

तिकटीवरचा

रामराम मंडळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला नमुना-निवड शिकवताना १९४८ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक घ्यायची आहे. गॅलप, क्रॉसली, रोपर हे तीन चाचणीवाले; ड्युई रिपब्लिकन पक्षाचे, ट्रुमन डेमोक्रॅटिक पक्षाचे. मतांची टक्केवारी अशी :

गॅलप : ड्युई ४९.५, ट्रुमन ४४.५
क्रॉसली : ड्युई ४९.९, ट्रुमन ४४.८
रोपर : ड्युई ५२.२, ट्रुमन ३७.१
प्रत्यक्ष निकाल (२ नोव्हेंबर १९४८) : ट्रुमन ४९.६, ड्युई ४५.१

आता शंका. एक, नमुने हजारांत होते. ३,००० चा नमुना धरला तरी सूत्राने चूक अधिक-उणे १.८ टक्के निघते. मग ट्रुमनच्या आकड्यात गॅलपची पाच टक्क्यांची आणि रोपरची साडेबारा टक्क्यांची चूक आली कुठून? दोन, सगळीकडे एकच उत्तर मिळतं : "फोनवर विचारलं, फोन श्रीमंतांकडे होते, म्हणून चुकलं." हे खरं का? तीन, ४० मुलं आणि दोन रविवार हाताशी आहेत. ही चूक कोल्हापुरातच मुलांना करून दाखवता येईल का? चार, आपल्याकडे १९५१-५२ ला अशी चाचणी घ्यायची म्हटली असती तर घेता आली असती का?

नमुनेदार

फोनचं आधी निकालात काढू. १९४८ च्या तिन्ही चाचण्या समोरासमोर घेतलेल्या होत्या, सर्वेक्षक माणसाला गाठून विचारत. फोनची गोष्ट १९३६ ची आहे आणि तीही अर्धीच. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी पत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते काढले टेलिफोन डिरेक्टरी, मोटारींची नोंदणी अशा याद्यांमधून. परत आल्या २३-२४ लाख. त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडनला ५७ टक्के दिले आणि रूझवेल्ट ६१ टक्के घेऊन निवडून आले. लँडनच्या वाट्याला मेन आणि व्हर्माँट ही दोनच राज्यं. तिथेही नुसती यादी चुकली असं नाही. पत्रिका भरून परत पाठवायची तसदी कोण घेतो, हा दुसरा घोळ होताच. चौघांपैकी तिघांनी उत्तरच दिलं नव्हतं.

त्याच वर्षी जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं आणि त्याचं नाव झालं. ती पद्धत कोट्याची. १९४८ ला अंगाशी आली ती हीच.

कोट्यात होतं काय? कसला माणूस हवा ते कार्यालय ठरवतं, नेमका कोणता ते सर्वेक्षकाच्या मर्जीवर. सेंट लुईसच्या एका सर्वेक्षकाला मिळालेला कोटा बघा : एकूण १३ माणसं. ६ उपनगरातली, ७ मुख्य शहरातली. ७ पुरुष, ६ बायका. पुरुषांत ३ चाळिशीच्या आतले, ४ चाळिशीपुढचे. त्याच सातांत १ कृष्णवर्णीय, ६ गोरे. आणि त्या सहा गोऱ्यांत महिना ४४ डॉलरच्या वर घरभाडं देणारा १, १८ ते ४४ मधले ३, १८ किंवा त्याहून कमी देणारे २.

एवढी काटेकोर चौकट बघितली की नमुना पक्का वाटतो. आता हीच चौकट इथे लावा : "मंगळवार पेठ, पुरुष, चाळिशीपुढचा, भाड्याच्या घरात राहणारा." कुठं शोधाल? टपरीवर, तालमीच्या कट्ट्यावर. जो उद्यमनगरात पाळीवर गेलाय, जो वरच्या मजल्यावर झोपलाय, जो "आम्हाला नको त्यातलं काही" म्हणून दार लोटतो, तो त्याच चौकटीतला असूनही येत नाही. कोटा भरतो आणि कागदावर शहर हुबेहूब उतरतं. फक्त प्रत्येक चौकटीतला बोलका, मोकळा, जरा बऱ्या स्थितीतला माणूस तेवढा आलेला असतो.

म्हणून तुमचं १.८ टक्क्यांचं सूत्र इथे लागूच नाही. ते सूत्र प्रत्येक माणूस निवडला जाण्याची शक्यता आधीपासून माहीत असेल तेव्हाचं. न ढवळलेल्या मिसळीच्या पातेल्यातून वरचा डाव घेतला की तर्रीच येणार. डाव मोठा घेतला तर जास्त तर्री येते, एवढंच.

आणि ही चूक १९४८ ला अचानक उगवली नाही. गॅलपने रिपब्लिकनांना दिलेली मतं आणि पडलेली मतं, पूर्णांकात :

१९३६ : ४४ / ३८
१९४० : ४८ / ४५
१९४४ : ४८ / ४६
१९४८ : ५० / ४५

चारही वेळा चूक एकाच अंगाला. पहिल्या तीन वेळा रूझवेल्ट इतके पुढे होते की चुकीसकट विजेता बरोबर निघाला. वर्गात हा तक्ता आधी दाखवा आणि मगच १९४८ ची गोष्ट सांगा, नाहीतर पोरं "नशीब फिरलं" म्हणून सोडून देतात.

जुनी_कात्रणं

वरचं सगळं मान्य, पण नुसत्या कोट्यावर खापर फोडू नका. चाचणी कधी थांबवली तेही बघा.

रोपरने सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर केलं की ड्युई निवडून आल्यातच जमा आहे, आता दर आठवड्याचे आकडे देण्यात अर्थ नाही. वर ३७.१ दिसतंय ते त्या काळच्या मोजणीवर बेतलेलं. त्यामुळे रोपरची साडेबारा टक्क्यांची चूक आणि गॅलपची पाचाची एकाच पंक्तीत बसवू नका. गॅलप आणि क्रॉसली ऑक्टोबरात होते, पण मतदानाच्या आधीचे शेवटचे काही दिवस त्यांनीही मोजले नाहीत. १९३६ ते १९४४ चा धडा असा घेतला गेला होता की प्रचाराने फार कोणी हलत नाही, सप्टेंबरात जे असतं तेच नोव्हेंबरात.

त्या शरद ऋतूत मक्याचे भाव कोसळले होते. सरकारी कर्जयोजनेत माल ठेवायचा तर साठवणुकीला जागा लागते आणि त्या जागेवर काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, आडकाठी आणलेली. ट्रुमन रेल्वेगाडीच्या मागच्या फलाटावरून गावोगाव हेच सांगत फिरले. आयोवा, ओहायो, विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्यं १९४४ ला ड्युईकडे गेली होती, १९४८ ला ट्रुमनकडे आली. पिकाचा भाव पडल्यावर शेतकरी काय करतो हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

निकालानंतर सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने समिती नेमली, तिचा सविस्तर अहवाल १९४९ ला आला. त्यातला लक्षात ठेवण्यासारखा आकडा : सातातल्या साधारण एका मतदाराने शेवटच्या पंधरवड्यात मन पक्कं केलं आणि अशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ट्रुमनकडे गेले. अहवालाने दोष मात्र वाटून दिला : माणसं निवडण्यात चूक, शेवटचं वारं न मोजण्यात चूक, आणि अनिर्णितांचं काय करायचं त्यात चूक.

"ड्युई डिफीट्स ट्रुमन" हा शिकागो डेली ट्रिब्यूनचा मथळा सगळे चाचण्यांच्या नावावर खपवतात. तिथे छपाई कामगारांचा संप चालू होता, पर्यायी पद्धतीने अंक काढावा लागत असल्याने पानं नेहमीपेक्षा लवकर लावावी लागत. पूर्वेकडची मोजणीही पुरती आली नव्हती तेव्हा वॉशिंग्टनच्या बातमीदाराच्या अंदाजावर मथळा गेला. सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. चाचण्यांनी हवा तयार केली होती हे खरं, पण ट्रुमनने हातात धरलेल्या त्या प्रसिद्ध फोटोतला अंक घाईचं अपत्य आहे.

आणखी एक. एकूण मतांत ट्रुमन साडेचार टक्क्यांनी पुढे, पण त्यांच्याकडे अध्यक्ष ठरतो राज्यांच्या निर्वाचक मतांवर. ट्रुमन ३०३, ड्युई १८९, दक्षिणेतले थर्मंड ३९. एकूण ५३१, बहुमताला २६६. आता ओहायो (२५ निर्वाचक मतं) ट्रुमनने ७,१०७ मतांनी घेतलं, कॅलिफोर्निया (२५) १७,८६५ ने, इलिनॉय (२८) ३३,६१२ ने. ही तिन्ही उलटी फिरली असती तर ड्युई २६७. म्हणजे तीन राज्यांत मिळून तीस हजारांच्या आत माणसांनी मत बदललं असतं तर निकाल उलटा लागला असता आणि "गॅलप बरोबर निघाला" असं आज आपण शिकवत बसलो असतो. देशभराची टक्केवारी तेवढीच चुकलेली असती, तरीही!

पेठेतला_गणिती

कात्रणंवाल्यांच्या "सातात एक" ला एक टाचणी लावतो. तो आकडा मतदानानंतर लोकांना विचारून काढलेला. निकाल लागल्यावर "मीही जिंकलेल्यालाच दिलं" म्हणणारे नेहमीच जास्त भेटतात. तेव्हा त्या तीन-चतुर्थांशात थोडी हवा असणार.

अनिर्णितांचं गणित फळ्यावर असं करून दाखवा. आकडे मी सोयीसाठी धरलेत. १०० जणांत ड्युई ४६, ट्रुमन ४१, इतर ५, "अजून ठरलं नाही" ८. त्या काळची रीत अशी की ८ बाजूला काढायचे आणि उरलेल्या ९२ चे शंभर करायचे. ड्युई ४६/९२ = ५०, ट्रुमन ४१/९२ = ४४.६, इतर ५.४. बघा, गॅलपच्या छापील आकड्याच्या किती जवळ आलं.

हे करताना आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरली : ठरलं नाही म्हणणारे ठरलेल्यांसारखेच मत देणार. ते गृहीतक बदला. आठापैकी ६ ट्रुमनकडे, २ ड्युईकडे. आता ड्युई ४८, ट्रुमन ४७. अंतर पाचावरून एकावर आलं, पण ड्युई अजून पुढेच. आता ड्युई म्हणणाऱ्यांतल्या दोघांनी शेवटच्या आठवड्यात बाजू बदलली असं धरा : ड्युई ४६, ट्रुमन ४९. शंभरातल्या दोघांनी पक्ष बदलला की अंतर चाराने सरकतं हे पोरांच्या डोक्यात बसवा, कारण टीव्हीवर "दोन टक्के मतं फिरली" ऐकताना कोणी हा हिशेब करत नाही.

ठरलं नाही म्हणणाऱ्यातले बरेच मतदानालाच जात नाहीत, तो भाग वेगळा. त्यासाठी "मत देणार का" एवढंच विचारून भागत नाही, सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी दिलं होतं का, केंद्र कुठल्या शाळेत आहे, असं आडून विचारावं लागतं. ज्याला केंद्र माहीत नाही त्याचं "शंभर टक्के देणार" जरा हलकं धरायचं.

अजून एक : अंतराची चूक ही टक्केवारीच्या चुकीच्या जवळपास दुप्पट असते. १,००० च्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठीने काढलेल्या) नमुन्यात प्रत्येक आकडा अधिक-उणे ३.१, पण "अमुक पाचाने पुढे" यातल्या पाचावर अधिक-उणे सहा. असल्या आघाडीला आघाडी म्हणायचं धाडस टीव्हीवाल्यांनी करावं.

नमुनेदार

गणितीशी भांडण नाही. फक्त एक तुलना जोडतो. त्याच ऑक्टोबरात मिशिगन विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्राने अवघ्या ६६२ लोकांचा नमुना घेतला होता, पण संभाव्यता पद्धतीचा : आधी भाग, मग घर, मग घरातला माणूस, सगळं चिठ्ठीने. अंदाज वर्तवायला तो घेतलाच नव्हता, पण निवडणुकीनंतर त्याच माणसांना परत भेटून कोण कधी वळलं ते तपासता आलं. पुढच्या अमेरिकी निवडणूक अभ्यासांची वाट तिथून निघाली. गॅलपनेही नंतर कोटा सोडून भाग चिठ्ठीने निवडायला सुरुवात केली आणि मोजणी शेवटच्या दिवसांपर्यंत चालू ठेवली.

शिवारातून

प्रात्यक्षिकाचं मी सांगतो. ४० पोरं म्हणजे चांगला फौजफाटा आहे. २० यादीच्या टोळीत (मतदारयादीतून चिठ्ठीने निघालेल्या नावांनाच गाठणारी), २० कोट्याच्या, जोडीजोडीने. दोन्हीकडे १६० माणसं, म्हणजे जोडीला १६.

कोल्हापूर उत्तर घ्या, पायी फिरता येतं. सगळ्या मतदान केंद्रांची यादी क्रमाने लिहा, समोर मतदारसंख्या, पुढे चढती बेरीज. एकूण २,८८,००० आली असं धरा. ८ केंद्रं हवीत, तर ३६,००० ची उडी. १ ते ३६,००० मधली एक संख्या चिठ्ठीने काढा, ती ज्या केंद्राच्या बेरजेत पडते ते पहिलं केंद्र, मग ३६,००० मिळवत जा. मोठ्या केंद्राला निवडीची संधी जास्त मिळते आणि प्रत्येक केंद्रातून सारखीच माणसं घेतली की दोन्हीची फिटंफाट होते.

केंद्रात १,२०० मतदार असले आणि २० हवे असले तर उडी ६० ची. १ ते ६० मधली चिठ्ठी, समजा ३७ आली : ३७, ९७, १५७... शेवट ११७७. यादीच्या पानावर ३० नावं असतात, त्यामुळे पान शोधायला वेळ लागत नाही. शेवटची पुरवणी यादी विसरू नका, नवी पोरं तिथंच असतात. वगळल्याचा शिक्का असलेलं नाव आलं तर ते सोडा, पुढचं घेऊ नका. शेजारचं नाव उचललं की निवड परत तुमच्या हातात आली.

कोट्याच्या टोळीला त्याच ८ केंद्रांचा परिसर द्या. प्रत्येक ठिकाणी २० : समजा १० पुरुष, १० बायका, वय १८–३४ चे ७, ३५–५४ चे ८, ५५ पुढचे ५. हे वाटप त्या केंद्राच्या यादीवरूनच काढा, स्त्री-पुरुष आणि वय तिथं छापलेलं असतं. कुठं आणि कुणाला विचारायचं ते त्यांच्यावर सोडा. काही शिकवू नका! रविवारी सकाळी नऊला सोडलेली टोळी दुपारच्या जेवणाला कोटा भरून परत येते का नाही बघा. यादीची टोळी मात्र त्याच वेळी तिसऱ्या गल्लीत "अहो ते आता कदमवाडीला राहायला गेले" ऐकत असेल. १६० नावं गुणिले तीन फेऱ्या म्हणजे ४८० वेळा दार वाजवायची तयारी ठेवा. एक फेरी रविवारी सकाळी, एक कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते साडेआठ, एक सकाळी सात ते नऊ. तिन्ही वेळा एकच वेळ धरली तर पाळीवाला माणूस तिन्ही वेळा चुकतो.

प्रश्न सहाच ठेवा : शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसात किती तास घराबाहेर, मागच्या लोकसभेला मत दिलं का, पेपर वाचता का, कोणत्या मंडळाशी किंवा तालमीशी संबंध. कोणाला मत दिलं ते विचारूच नका, त्याची गरज नाही.

आता गंमत. वय आणि स्त्री-पुरुष लावून बघाल तर कोट्याचा नमुना यादीच्या नमुन्यापेक्षा जास्त बरोबर दिसेल. दिसणारच, ते आपणच बांधून दिलंय. फरक बघायचा तो न बांधलेल्या गोष्टींत : शिक्षण, घराबाहेरचे तास, मंडळाशी संबंध. १९४८ ला नेमकं हेच झालं, बांधलेलं सगळं जुळत होतं आणि शिकलेले जास्त भरले होते.

खेड्यात प्रयोग करणार असाल तर संध्याकाळची दूध संस्था टाळा. दारात उभं राहिलं की कॅन घेऊन रांगेतली माणसं मिळतात, कोटा झटक्यात भरतो. पण ती सगळी दुभतं जनावर असलेल्या घरातली. भूमिहीन मजूर त्या रांगेत नाही, आणि सासरी नव्या आलेल्या सुनेला कोणी कॅन घेऊन पाठवत नाही.

तिकटीवरचा

लई भारी, एवढ्यात तासिका उभी राहते. दोन गोष्टी अजून. माणूस तिन्ही फेऱ्यांत नाहीच भेटला तर राखीव नावं काढून ठेवायची का? आणि १६०-१६० वर फरक दिसेल का खरंच? उद्या पोरांनी "सर, दोन्ही सारखंच आलं" म्हटलं तर माझीच शोभा.

शिवारातून

राखीव नावं काढू नका. राखीव आहे कळलं की पहिल्याच फेरीत "घर बंद" लिहायचा मोह होतो. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे काय झालं ते लिहायला लावा : मुलाखत झाली, नकार, घर बंद, बाहेरगावी, कायमचं स्थलांतर, मयत, पत्ता सापडला नाही. समजा १६० पैकी १८ मयत किंवा कायमचे गेलेले, उरले १४२, मुलाखती ९६. प्रतिसाद ९६/१४२, म्हणजे ६८ टक्के. हा आकडा निकालाच्या शेजारी छापायचा. कोट्याच्या टोळीला हाच आकडा विचारा, त्यांच्याकडे तो नसतोच. किती जणांनी नको म्हटलं ते त्यांनी लिहिलेलंच नाही.

बायकांच्या मुलाखतीला जोडीत एक मुलगी हवीच. तरी दारात "तिला काय कळतंय, मला विचारा" म्हणणारा निघतो. त्याला दुसऱ्या पोराने बाहेर बोलण्यात गुंतवायचं आणि मुलीने आत विचारायचं. नाव यादीत बाईचं आणि उत्तर नवऱ्याचं असली मुलाखत बाद धरा.

पेठेतला_गणिती

दुसऱ्याचं उत्तर मी देतो. १६० वर चूक अधिक-उणे ७.७ आणि दोन टोळ्यांतल्या फरकावर अधिक-उणे ११. त्यातही माणसं आठच भागांतून घेतलेली. एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे नमुन्याचं बळ घटतं. हिशेब : १ + (प्रत्येक भागातली माणसं − १) × सारखेपणा. २० माणसं आणि सारखेपणा ०.०५ धरला तर १.९५. म्हणजे १६० माणसं ८२ च्या बरोबरीची. सोळा भाग घेऊन प्रत्येकी १० केली तर १.४५, म्हणजे ११० च्या बरोबरीची. पायपीट वाढते, पण जमलं तर सोळा भाग घ्या.

म्हणून आधीच सांगून ठेवा : पाच-सहा टक्क्यांच्या फरकावर नाचायचं नाही. शिक्षणात किंवा "दिवसभर घराबाहेर" यात पंधरा-वीसचा फरक आला तरच बोलायचं. आणि खरंच सारखं आलं तर तेही शिकवण्यासारखं आहे. १९३६ ला गॅलपचंही कोट्यावर जमलंच होतं की.

बॅलट_पेटी

चौथा प्रश्न कोणी हातात घेतला नाही, तो मी घेतो.

१९५१-५२ चं मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ असं जवळपास चार महिने टप्प्याटप्प्याने चाललं. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. नमुना घेण्याची विद्या देशात नव्हती असं मात्र नाही. महालनोबिसांची सांख्यिकी संस्था १९३१ पासून होती आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० ला सुरू झालं होतं. जनमताच्या चाचण्या संस्थात्मक पातळीवर आल्या त्या पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला, एरिक डा कोस्टा यांच्या दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियनमधून.

अडचणी कुठे आल्या असत्या?

पहिली, यादीची. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगून स्वतःचं नाव न दिलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून काढावी लागली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. यादीवरून चिठ्ठी काढली असती तर या बाया तुमच्या नमुन्यात आल्याच नसत्या. पण त्या मतदानालाही येऊ शकत नव्हत्या. म्हणजे निवडणुकीच्या अंदाजाला यादी बरोबर आणि जनमताला चूक. हा फरक पोरांना विचारा, चांगली चर्चा होते.

दुसरी, भाषेची आणि लिपीची. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३ टक्के. छापील पत्रिका पाठवणं म्हणजे लिटररी डायजेस्टचीच चूक, दहापट मोठी. चिन्ह दाखवूनच विचारावं लागलं असतं. मतदानही तसंच होतं : प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, मतपत्रिकेवर शिक्का न मारता ती हव्या त्या पेटीत टाकायची. तेव्हा प्रश्न "कोणाला देणार" असा न करता "कुठल्या पेटीत टाकणार" असा करावा लागला असता, आणि समोर काँग्रेसच्या बैलजोडीसकट सगळ्या चिन्हांची चित्रं.

तिसरी जागांची. ४८९ जागा, पण मतदारसंघ ४०१, कारण ८६ ठिकाणी दोन आणि एका ठिकाणी तीन खासदार निवडायचे होते. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मतं, दोन्ही एकालाच देता येत नसत. एकच प्रश्न विचारून भागलं नसतं. आणि मतांवरून जागा काढताना तर अमेरिकेपेक्षा मोठा खड्डा : काँग्रेसला मतं सुमारे ४५ टक्के, जागा ३६४, म्हणजे चारातल्या तीन. समोर विरोधक विखुरलेले. विरोधक एकत्र आले की तीच टक्केवारी किती जागा देते हे १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात दाखवलंच. देशभराचा नमुना घेऊन बसलेल्याला ते दिसलं नसतं, तिकडे काँग्रेसचं बहुमत शाबूत होतं.

नमुनेदार

पुढच्या वर्षी कोणाला मत हेही विचारायचं ठरलं तर तोंडी विचारू नका. चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका आणि कुलूप लावलेली पत्र्याची पेटी न्या, माणसाने पाठ फिरवून खूण करावी, घडी घालून आत टाकावी. हा प्रश्न सगळ्यात आधी. आधी हद्दवाढ, पंचगंगेचं पाणी, रस्त्यातले खड्डे विचारून मग मत विचारलं तर माणूस खड्ड्याच्या रागाने खूण करतो. आणि "ठरलं नाही" साठी पत्रिकेवर वेगळी चौकट ठेवा, ती मोजा, वाटून टाकू नका.

कायद्याचं भान असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ प्रमाणे पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी घेणं आणि तिचे निष्कर्ष पसरवणं दोन्हीला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जनमत चाचणीचे निष्कर्षही दाखवता येत नाहीत. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला तक्ता बाहेर जायला वेळ लागत नाही, म्हणून निवडणूक जाहीर झाली असेल तर प्रात्यक्षिक पुढे ढकललेलं बरं. यादीतली नावं-पत्ते असलेले कागद काम झाल्यावर परत घ्या.

शिवारातून

"मागच्या लोकसभेला मत दिलं का" या उत्तराची पडताळणी करता येते तेवढी करा. केंद्रनिहाय मतं फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या सरकारी तक्त्यात असतात. कोल्हापूर मतदारसंघात २०२४ ला सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालंय, तरी दोन्ही टोळ्यांत "दिलं" म्हणणारे त्याहून जास्त येतील. किती जास्त, ते टोळीनुसार मांडा. लावताना तीन गोष्टी बघा : भागायचं त्या निवडणुकीच्या दिवशीच्या मतदारसंख्येने, आजच्या यादीने नाही. टपाली मतं केंद्राच्या ओळीत नसतात. आणि दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांचे क्रमांक बदलतात, तेव्हा क्रमांकावर न जाता शाळेचं नाव आणि खोली क्रमांक जुळवा.